माझं उन्हाळी मनमोकळं केंद्र

खेड्यातली माणसं उन्हाळ्यात रिकामी असतात, ही अफवा ज्यानं कुणी पहिल्यांदा उठवली ना, तो माणूस माझा गुन्हेगार आहे! नक्की पंख्याखाली बसणारा असणार. आमच्या जैनथ गावच्या रस्त्यानं मे महिन्यात चार पावलंसुद्धा चाललेला नसणार. आणि त्याच्या त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून मी गेल्या उन्हाळ्यात जो घोळ घातला, तो आता कसा सांगू तुम्हाला? चहा बशीत ओतून घ्या. गार होईपर्यंत थांबायला मला धीर नाही. सांगतोच!

तर मी नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करतोय. पहिलं वर्ष संपवून सुटीत गावी आलो, तेव्हा डोक्यात नुसता जाळ होता. गावात ताप आला तर गोळी मिळते, बैल लंगडला तर औषध मिळतं, पण मन दुखलं तर? काही नाही! माणसं आतल्या आत कुढतात, आणि आपण शिकलेले लोक शहरात बसून परीक्षेचे पेपर लिहितो! छे! मी ठरवलं, गावात थेरपी सुरू करायची.

थेरपी म्हणजे फार मोठं काही नाही हो. एकानं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं न टोकता ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. चूक की बरोबर, ते तर मुळीच बोलायचं नाही. मान हलवायची, समोरच्याचं दुःख आपल्याला कळलंय एवढं त्याला जाणवू द्यायचं. बस्स!

आणि तीही उन्हाळ्यातच! का? अहो, उन्हाळ्याइतका थेरपीला चांगला हंगाम नाही! कापूस वेचून झालेला. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झालेल्या. शाळा बंद, खोल्या मोकळ्या. दुपार इतकी लांब की संपता संपत नाही. उन्हामुळे माणूस सावलीला बसतो, आणि बसला की बोलतो. पावसाळ्यात कोण बोलणार मनातलं? तेव्हा तण काढावं लागतं! शेताची नांगरट आपण उन्हाळ्यात करतो, मग मनाची का नाही? हे वाक्य मला बसमध्ये सुचलं आणि मी इतका खूश झालो की शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवलं. तो पुढच्या थांब्यावर उतरला.

घरी पोचलो तर आई जणू माझीच वाट बघत होती.

"सुधाकर, एवढा शिकून राह्यला तू, तं तुह्या बापाले अन् गुलाबले एकदा बोलतं कर ना बाप्पा!"

गुलाबकाका म्हणजे आमच्या शेताचा शेजारी आणि बाबांचा लहानपणापासूनचा जिवलग. एका बिडीचे दोन तुकडे करून ओढणारी ही जोडी. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक आंब्याचं झाड आहे. त्याच्या कैऱ्या दरवर्षी निम्म्या निम्म्या वाटल्या जायच्या. आदल्या साली कैऱ्या कमी निघाल्या, आणि बाबा चहाच्या हॉटेलात चारचौघांत बोलून गेले, "गुलाब चोर हाय!" झालं! तेव्हापासून बोलणं बंद. बैल आमचे आणि गाडी त्यांची अशी भागीदारी होती, तीही मोडली. त्या उन्हाळ्यात झाड कैऱ्यांनी नुसतं लगडलेलं, पण दोघंही तिकडे फिरकत नव्हते.

"मले लोणच्याले कैऱ्या पाह्यजेन, हे खरं हाय," आई म्हणाली. "पण रोज जेवताना तुह्या बापाचं ते उतरलेलं तोंड पाहू पाहू मले घास गिळत नाही."

"आई, तू बघच! दोघांना बोलतं करतो!"

माझ्या आवाजात इतका जोर होता की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी गावच्या दवंडीवाल्या पोचन्नाला दवंडी पिटायला लावली. शब्द मीच शिकवले, त्यानं ते आपल्या तोंडात बसवून घेतले: "ऐका हो ऐका! ज्याच्या मनात कोणाबद्दल काई खदखदून राह्यलं असन, त्यानं दुपारी शाळेत याव! सुधाकरबाबू बसनार हायेत! एकेकाचं ऐकून घेनार हायेत!"

शाळेची खोली झाडून घेतली. समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेला माठ आणि त्यावर स्टीलचा ग्लास. कॉलेजातले आमचे सर सांगायचे, मन मोकळं केल्यावर माणसाचा घसा कोरडा पडतो, त्याला पाणी द्यावं. आणि इथं तर आमचा उन्हाळा! सावलीत उभं राहिलं तरी चपलेचा तळ मऊ होतो.

मला वाटलं, आठवडाभर कुणी फिरकणार नाही. दुपारी दार उघडलं तर व्हरांड्यात रांग! अहो, रांग! रेशनच्या दुकानापुढे लागते तशी! माझा तर ऊर भरून आला. केवढी तहान होती या गावाला बोलण्याची!

पहिला आला किसन. त्याच्या शेजाऱ्याच्या, रामदासच्या, मोरीचं पाणी याच्या अंगणात येतं. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. मधेमधे "हं… हं…" केलं. मान हलवली.

"रोज त्या चिखलातून जायचं म्हणजे तुम्हाला किती त्रास होत असेल!" मी म्हणालो.

किसनचे डोळे चमकले. "म्हणजे तुमाले पटलं?"

"तुमची तळमळ माझ्यापर्यंत पोचली, किसनभाऊ." मी उठलो, माठातून पाणी घेतलं, त्याच्यापुढे धरलं. "घ्या, पाणी प्या."

तो ग्लासाकडे पाहतच राहिला. मग माझ्याकडे. 

"खरंच देता, बाबू?"

"अहो, घ्या ना!"

एका दमात पाणी संपवून तो माझ्या पाया पडला आणि ग्लास उंच धरून बाहेर धावला! सांगा, परदेशातल्या मोठमोठ्या जाणकारांना जे वर्षानुवर्षांत जमत नाही, ते मला एका दुपारी जमलं की नाही?

दुसऱ्या दिवशी खुद्द रामदास आला. त्याचं म्हणणं, किसननं अंगणच मोरीच्या वाटेत वाढवलंय, पाणी जाणार कुठं? मी ऐकलं. मान हलवली. "तुमचीही घुसमट मला समजते" म्हणालो. पाणी दिलं. तोही मिशीला पीळ देत बाहेर पडला.

मग आली सखूबाई. म्हातारी, पण आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं वळून पाहावं. शेजारणीची कोंबडी हिच्या गोठ्यात येऊन अंडं घालते, तर अंडं कुणाचं? हा प्रश्न तिच्या मनाला कित्येक महिने कुरतडत होता. मी पुरं ऐकून घेतलं. उन्हातून आलेली, म्हणून पाणी दिलं. तिनं संपवलं, म्हणून पुन्हा दिलं. तर ती दारातून ओरडली, "पाहा व, मले तं दोनदा देलं!" आणि रांगेत केवढी कुजबुज! मला वाटलं, माझ्या आदरातिथ्याचं कौतुक चाललंय.

गावात फरकही दिसायला लागला! किसननं मोरीच्या तोंडाशी दगड रचले. सकाळी रामदासनं ते उखडले. किसननं पुन्हा रचले. मी आईला म्हणालो, "बघ! माणसं कशी कामाला लागली! मन मोकळं झालं की अंगात उत्साह येतो तो असा!"

आईनं भाकरी जरा जोरात थापली.

आणि एका दुपारी दारात गुलाबकाका!  याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप!

काका खुर्चीच्या काठावर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"बाबू, ते झाड आमी दोघानं लावलं. तुह्या बापाच्या अन् माह्या मिशा बी फुटल्या नव्हत्या तवा. उन्हाळाभर पैनगंगेतून घागरीनं पाणी आणून घातलं. एक घागर त्याची, एक माही." काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मले कैऱ्याईचं काई नाही रे. पण चोर म्हटलं त्यानं मले. हॉटेलात. लोक हासले."

 "काका, तुम्हाला फार लागलं ते. समजतंय मला."

"समजते ना?"

"समजतं, काका." मी ग्लास भरला. "पाणी घ्या."

त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला. डोळे भरून आले होते. "आपल्या बापाच्या विरोधात…" ते पुटपुटले. "देवमाणूस हायेस, सुधाकर!"

बापाच्या विरोधात म्हणजे काय, हे विचारावं असं मला त्या वेळी वाटलं का? नाही! मी हवेत होतो! घरी जाताना गाणं म्हणत गेलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेतातून आले ते दारातूनच गरजत.

"सुध्या! कुठं हाय तो? झाड झोडून नेलं गुलाबनं! एक कैरी ठेवली नाही! पोते भरले पोते! अन् मी अडवलं तं म्हणते कसा, तुह्याच पोरानं फैसला देला!"

"मी? फैसला?"

"मंग काय बोल्ला तू त्याले?"

आता आली ना पंचाईत! थेरपीचा पहिला नियम, खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं. बाप विचारो नाहीतर कलेक्टर!

"बाबा, ते मला सांगता येणार नाही. गुप्त असतं ते."

"गुप्त?" बाबांनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माह्या झाडाच्या कैऱ्या गेल्या, अन् काऊन गेल्या हे मले सांगाचं नाही?"

"माझं तत्त्व आहे, बाबा."

"किती पोते कैऱ्या देऊन राह्यला तो तुले? खरं सांग!"

बाबा न जेवता बाहेर निघून गेले. आई माझ्यासमोर येऊन बसली.

"तू त्याले पाणी देलं काय रे?"

"सगळ्यांनाच देतो."

"सगळ्याइले?" आईनं कपाळावर हात मारला. "अरे, आबाजी काय करे, तुले ठाव नाही काय?"

आबाजी म्हणजे गावचे जुने पंच. दोन वर्षांपूर्वी वारले. लहानपणी आम्हा पोरांना त्यांच्या निवाड्याच्या जागी फिरकू देत नसत, आणि पुढे मी नागपूरला. मला कुठून माहीत असणार? आईनं सांगितलं ते ऐका, आणि माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा!

आमच्या गावात भांडणं उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात. पेरणीत कुणाला भांडायला सवड आहे? वेचणीत कुणाला आहे? "उन्हाळ्यात पाहू" म्हणायचं आणि कामाला लागायचं. मग रानं मोकळी झाली की आबाजी शाळेच्या त्याच खोलीत बसायचे. एकेकाचं ऐकून घ्यायचे. मान हलवायचे. तोंडानं कधीच निकाल द्यायचे नाहीत, कारण चारचौघांत कुणाला खोटं पाडायचं नाही. ज्याचं म्हणणं खरं वाटलं, त्याला माठातलं पाणी द्यायचे. दुसऱ्याला द्यायचे नाहीत. बस्स! पाणी मिळालं तो जिंकला. दुसऱ्यानं निमूट घरी जायचं.

म्हणजे उन्हाळ्यात आमचं गाव रिकामं नसतं हो, उन्हाळ्यात आमच्याकडे कोर्टाचा हंगाम असतो! आणि मी त्या कोर्टात बसून झाडून सगळ्यांना जिंकवलं होतं! किसनला, रामदासला, आणि सखूबाईला तर डबल! घरमालकाला पाणी, भाडेकरूला पाणी! नवऱ्याला पाणी, बायकोला पाणी! गावात एकही माणूस हरलेला नव्हता!

मी दुपारी शाळेकडे धावलो. म्हटलं, सगळ्यांना एकदाच सांगून टाकू. पण व्हरांड्यात आधीच गलका.

"मले पाणी देलं!" किसन.

"अबे, मले बी देलं! तुह्या मागून देलं! मागचा फैसला पक्का असते!" रामदास.

एका कोपऱ्यात गुलाबकाका कैऱ्यांच्या पोत्यांवर बसलेले, आपला विजय राखत. मी हात वर केले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. बाबा! भर उन्हातून चालत आलेले, चेहरा तापलेल्या तव्यासारखा. सरळ आत गेले आणि खुर्चीवर बसले.

"माह्यं बी ऐक," ते म्हणाले. "गावाचं ऐकते, तं बापाचं बी ऐक."

आता मी काय करावं, सांगा! मान हलवली तर निकाल. हं म्हटलं तर निकाल. पाणी दिलं तर पक्का निकाल! मी ठरवलं, तटस्थ राहायचं. अगदी दगड!

बाबा दाराकडे पाठ करून बोलायला लागले. पण व्हरांड्यात सगळं गाव कान लावून ऐकत होतं.

"त्या साली कैऱ्या माकडाईनं खाल्ल्या. मले मागून समजलं. पण तोवर मी बोलून बसलो होतो. मंग कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्या घरी?" बाबांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. "सालभर हॉटेलात गेलो नाही मी. तो तिथं असन म्हणून. बिडी आता पुरी ओढा लागते, तं कडू लागते."

आत माझं काळीज पिळवटत होतं. बाहेरून मी दगड. पापणीसुद्धा हलू दिली नाही!

बाबा खोकले. पुन्हा खोकले. माठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाबांची मान हळूहळू खाली गेली. "बरं," ते म्हणाले. "समजलं मले."

"अबे, बापाले पाणी तं दे!" दारातून गुलाबकाका ओरडले.

"देता येत नाही, काका."

"काऊन देता येत नाही?"

"मी तटस्थ आहे."

"तटस्थ व्हय तुह्या नागपुरात! उन्हातून आला तो! घसा सुकून राह्यला त्याचा, दिसत नाही तुले?" काका आत शिरले, मला खांद्यानं बाजूला सारलं, ग्लास माठात बुचकळला आणि बाबांपुढे धरला. "घे रे, पी!"

सगळं गाव दाराशी दाटलं. माठाचं पाणी, आणि ते ज्यानं जिंकलं होतं त्यानंच आपल्या हातानं दिलेलं!

बाबांनी मान वर केली. "गुलाब, तू पाणी पाजून राह्यला मले. म्हणजे काय होते, ठाव हाय ना?"

"होऊ दे काई होते तं. आंधी पी."

बाबांनी अर्धा ग्लास प्यायला आणि उरलेला काकांच्या हातात दिला. काकांनी तो तिथंच उभ्यानं संपवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग, काय सांगू, दोघांनी एकदमच माझ्याकडे वळून पाहिलं!

"काय शिकवते रे तुह्या कालेजात? बापाले तहानलेलं ठेवाचं?" गुलाबकाका.

"अन् मले म्हणते, तत्त्व हाय!" बाबा.

"आमाले तं दोघाले बी पाणी पाजून झुंजवलं यानं!" किसन दारातून.

"दगड वाहू वाहू कंबर गेली माही याच्या पायी!" रामदासनं किसनच्या खांद्यावर हात ठेवून पुस्ती जोडली. खांद्यावर हात! किसनच्या!

मग काय, मुसळधार बोलणी! घरमालक आणि भाडेकरू एका सुरात! नवरा आणि बायको एका सुरात! बरीच वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत होती, आणि प्रत्येक वाक्यात मी होतो.

शेवटी बाबांनी आणि काकांनी एक एक पोतं पाठीवर घेतलं. "चाल रे, वाटू," काका म्हणाले. "तुह्या घरीच वाटू. वहिनीले लोणच्याचा खोळंबा झाला असन." दोघं बिडी शोधत खिसे चाचपत निघाले. मागोमाग गर्दीही पांगली, माझ्यावर तोंडसुख घेत, पण जोडीजोडीनं.

आणि मी? मी खुर्चीवर चढून ओरडत होतो! "बघितलंत? संवाद झाला की नाही? मी म्हणत होतो ना, उन्हाळ्यात थेरपीचे फायदेच फायदे! ही तर सुरुवात आहे!"

ऐकायला एकटी सखूबाई उरली होती. तिनं माठातलं पाणी स्वतःच ओतून घेतलं, शांतपणे प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, पुढच्या उन्हाळ्यात बी बसजो. माह्या दोन सुना एकमेकीचं तोंड पाहत नाहीत. तुह्यावर दोघी बी चिडल्या, का एक होतीन."